जुनी पायथन सांभाळताना

तीन भागिले दोन किती? चौथीतला मुलगाही दीड म्हणून सांगेल. पण २००८ पर्यंत पायथन या संगणक-भाषेला हा प्रश्न विचारला तर उत्तर येत असे एक. दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच असला पाहिजे, असा त्या भाषेचा नियम होता. उरलेला अर्धा ती मुकाट्याने टाकून देई. ३ डिसेंबर २००८ रोजी पायथन ३.० प्रसिद्ध झाली आणि तिच्यात हाच प्रश्न विचारल्यावर उत्तर आले दीड. बदल योग्य होता, याविषयी फारसे दुमत नव्हते. तरीही या आणि अशाच काही योग्य बदलांमुळे जगभरातील हजारो आज्ञावलीकारांना पुढची दहा-बारा वर्षे एकाच वेळी दोन भाषांमध्ये संसार करावा लागला. तो कसा केला, त्याचा खर्च कोणी सोसला आणि शेवटी सुटका कशी झाली, हे आपण या लेखात पाहणार आहोत. केंद्रीय माध्यमिक मंडळाच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात पायथन शिकवली जाते, त्यामुळे वाचकांपैकी अनेक शिक्षकांचा या भाषेशी रोजचा संबंध आहे. पण त्या पाठांमागचा हा इतिहास पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही.

पायथनचे जनक गिडो व्हान रोसम हे नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅमच्या राष्ट्रीय गणित व संगणकशास्त्र संशोधन संस्थेत काम करीत. १९८९ च्या डिसेंबरात त्यांनी या भाषेची जुळणी सुरू केली आणि १९९१ मध्ये ती इतरांना खुली केली. सोपी, वाचायला स्वच्छ आणि फुकट, यामुळे ती पसरली. पण पसरलेल्या भाषेची एक अडचण असते. सुरुवातीला घाईत घेतलेले निर्णय हजारो लोकांच्या आज्ञावल्यांत रुजून बसतात आणि मग चूक कळली तरी ती उपटता येत नाही. भाषेच्या चालकांनी या चुकांची यादी कित्येक वर्षे बाजूला ठेवली होती. एकदाच काय ते सगळे दुरुस्त करू, असे म्हणत त्या भावी आवृत्तीला ते गमतीने ‘पायथन ३०००’ म्हणत. ती आली तेव्हा जुन्या आवृत्तीशी फारकत घेऊनच आली. जुन्या भाषेत लिहिलेली आज्ञावली नव्यात चालेलच, अशी हमी नव्हती. उलट बहुतेक चालणार नाही, हेच गृहीत होते.

या बदलांपैकी सर्वांत खोल बदल भागाकाराचा नव्हता, मजकुराचा होता. आपल्या दृष्टीने तो जास्त महत्त्वाचा आहे, म्हणून त्याकडे जरा सविस्तर पाहू. संगणकाच्या स्मृतीत अक्षरे नसतात, बाइट असतात. एका बाइटमध्ये २५६ निरनिराळी मूल्ये मावतात. इंग्रजी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे यांना ती पुरून उरतात, त्यामुळे इंग्रजीत ‘एक अक्षर म्हणजे एक बाइट’ हे समीकरण खपून जाते. देवनागरीचे तसे नाही. युनिकोड या जागतिक संकेत-पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक आहे, आणि यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीने तो साठवायला तीन बाइट लागतात. आता ‘मराठी’ हा शब्द घ्या. जुन्या पायथनला त्याची लांबी विचारली तर ती म्हणे पंधरा. नवी म्हणते पाच: म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. (आपण वाचताना तीनच अक्षरे वाचतो, तेव्हा नव्या पायथनचे उत्तरही आपले नव्हे. पण निदान ती चिन्हे मोजते, स्मृतीतले कप्पे नव्हे.)

जुन्या पायथनमध्येही २००० सालच्या २.० आवृत्तीपासून युनिकोड मजकुराची वेगळी सोय होती. घोटाळा होई तो दोन्ही प्रकार एकत्र आल्यावर. बाइटांचा मजकूर आणि युनिकोड मजकूर जोडायची वेळ आली की भाषा न विचारता एकाचे दुसऱ्यात रूपांतर करी, आणि ते करताना बाइट इंग्रजी अक्षरांचेच आहेत असे गृहीत धरी. त्यामुळे न्यूयॉर्कमधल्या कार्यक्रमकर्त्याने लिहिलेली आज्ञावली वर्षानुवर्षे सुरळीत चाले आणि एक दिवस कोणी तिला देवनागरीतले, किंवा फ्रेंच मात्रा असलेले, नाव दिले की कोसळे. पायथन ३ ने ही मखलाशी बंद केली. मजकूर वेगळा आणि बाइट वेगळे. एकातून दुसऱ्यात जायचे असेल तर कोणत्या संकेताने, ते स्पष्ट सांगा. ज्यांचे इंग्रजीवर भागत होते, त्यांना हा बदल विनाकारण वाटला. आमच्या मते तो सर्वांत न्याय्य बदल होता. पण त्याची किंमत मात्र, गंमत म्हणजे, मुख्यतः त्यांनाच मोजावी लागली ज्यांना तो विनाकारण वाटत होता.

ही किंमत समजण्यासाठी ‘लायब्ररी’ म्हणजे काय, हे लक्षात घेतले पाहिजे. कोणताही आज्ञावलीकार सगळे स्वतः लिहीत नाही. कोष्टकांचे गणित, आलेख काढणे, जाळ्यावरून माहिती आणणे अशी कामे करणारे तयार संग्रह दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले असतात, त्यांना लायब्ररी म्हणतात. उदाहरणार्थ नमपाय. संख्यांच्या मोठमोठ्या सारण्यांवर वेगाने गणित करणारी ही लायब्ररी २००६ च्या सुमारास ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी उभी केली. गुरुत्वीय लहरींच्या शोधात आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कृष्णविवराच्या पहिल्या चित्रात जी संगणकीय साधने वापरली गेली, त्यांत नमपाय होती. (गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो प्रकल्पाची भारतीय वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ नियोजित आहे.) अशा लायब्ररीवर दुसऱ्या लायब्ऱ्या उभ्या असतात, त्यांच्यावर तिसऱ्या, आणि सर्वांत वर वापरणाऱ्याची आज्ञावली.

आता कोंडी पाहा. वरच्या माणसाला नव्या पायथनवर जायचे आहे, पण त्याच्या खालच्या वीस लायब्ऱ्यांपैकी एक जरी तिकडे गेलेली नसेल तर तो जाऊ शकत नाही. लायब्ररीवाला म्हणतो, माझे सगळे वापरकर्ते जुन्या पायथनवर आहेत, मग मी का हलू? दोघेही एकमेकांकडे पाहत उभे. आपल्याकडचे एक उदाहरण घेऊ. आयआयटी मुंबईतील प्रा. प्रभु रामचंद्रन यांनी सुरू केलेली ‘मायावी’ ही त्रिमितीय चित्रणाची लायब्ररी वैज्ञानिकांत जगभर वापरली जाते. ती व्हीटीके नावाच्या संग्रहावर उभी आहे, आणि व्हीटीकेची पायथन ३ शी सोयरीक जुळली ती २०१६ साली, सातव्या आवृत्तीत. पडद्यावरच्या खिडक्या काढणाऱ्या डब्ल्यूएक्स-पायथनची नव्या भाषेला चालणारी चौथी आवृत्ती २०१८ च्या जानेवारीत आली. मायावीने पायथन ३ चा अधिकृत स्वीकार केला तो २०१८ मध्येच. नवी भाषा जन्मून तेव्हा दहा वर्षे होत आली होती. यात कोणाचा आळस नव्हता. पाया तयार नसताना माडी चढवता येत नाही, एवढेच.

ही कोंडी फोडायचा एकच मार्ग होता. खालच्या लायब्ऱ्यांनी दोन्ही भाषांत एकाच वेळी चालले पाहिजे. म्हणजे जुन्यांना न सोडता नव्यांना वाट करून द्यायची. १९५७ साली आणे जाऊन नवे पैसे आले तेव्हा काही काळ दुकानदारांनी दोन्ही नाणी गल्ल्यात ठेवली होती, तसेच काहीसे. चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे बरोबर होत, पण एका आण्याचे सव्वासहा. तो पाव पैसा कोणी सोसायचा, हा प्रश्न उरेच.

भाषेच्या चालकांनी सुचवलेला पहिला उपाय भाषांतराचा होता. ‘टू-टू-थ्री’ नावाची एक आज्ञावली भाषेसोबतच मिळे. ती जुन्या पायथनमधला मजकूर वाचून नव्यातला करून देई. लायब्ररीवाल्याने मूळ प्रत जुन्या भाषेत ठेवायची आणि प्रत्येक वेळी यंत्राकडून नवी प्रत काढून घ्यायची, अशी कल्पना होती. कागदावर छान. प्रत्यक्षात एक ओळ दुरुस्त केली की सगळे भाषांतर पुन्हा, मग पुन्हा चाचण्या. आणि नव्या प्रतीत चूक सापडली की संगणक ज्या ओळीचा क्रमांक सांगे ती ओळ लेखकाने लिहिलेलीच नसे. मुलाने वहीत लिहिलेले गणित तपासायचे सोडून कोणीतरी केलेली त्याची नक्कल तपासावी, तशी ही स्थिती.

दुसरा उपाय हळूहळू, वापरणाऱ्यांतूनच पुढे आला. भाषांतर नको, एकच मजकूर असा लिहायचा की तो दोन्ही भाषांत शुद्ध ठरेल. मराठीतल्या एखाद्या वाक्याने हिंदीतही तोच अर्थ द्यावा, अशी ही कसरत. येथे विद्यार्थ्यांच्या मनात प्रश्न येईल: ‘जर आवृत्ती दोन असेल तर हे कर, तीन असेल तर ते कर’, एवढी अट घातली की झाले नाही का? काही ठिकाणी झाले. पण पायथन कोणतीही धारिका चालवण्यापूर्वी ती सगळी वाचते आणि तिचे व्याकरण तपासते. एका ओळीत जरी व्याकरणाची चूक असली तरी ती सगळी धारिका नाकारते. ती ओळ अटीमुळे कधीच चालणार नव्हती, हे तिला पटत नाही. म्हणून शब्दसंग्रहातले फरक अटींनी झाकता येत, व्याकरणातले येत नसत.

शब्दसंग्रहातले फरक झाकण्यासाठी बेंजामिन पीटरसन यांनी २०१० मध्ये ‘सिक्स’ नावाची चिमुकली लायब्ररी लिहिली. दोन गुणिले तीन बरोबर सहा, म्हणून हे नाव. ती एकाच धारिकेत मावे आणि हवे तर उचलून आपल्या संग्रहात ठेवून देता येई. एखाद्या गोष्टीचे नाव जुन्यात एक आणि नव्यात दुसरे असेल, तर सिक्सला तिसऱ्याच नावाने विचारायचे. कोणत्या पायथनमध्ये आहोत ते ती पाही आणि योग्य वस्तू हाती देई. हेच पीटरसन पायथन २.७ च्या प्रकाशनाचीही जबाबदारी सांभाळत होते. म्हणजे जुने घर शाबूत ठेवणारा आणि नव्या घराकडे जाणारा पूल बांधणारा माणूस एकच.

भागाकाराचा प्रश्न याहून निराळा, आणि आमच्या मते जास्त धोक्याचा. नाव बदलले किंवा व्याकरण चुकले तर आज्ञावली थांबते, आरडाओरडा करते. भागाकार बदलला तर काहीच होत नाही. फक्त उत्तर वेगळे येते. दीडऐवजी एक किंवा एकऐवजी दीड घेऊन गणित पुढे चालू राहते आणि शेवटी आलेख जरा वाकडा दिसतो, तोही कोणी निरखून पाहिला तर. सुदैवाने यावर फार आधीच तोड काढून ठेवली होती. पायथन २.२ मध्ये, २००१ साली, धारिकेच्या माथ्यावर ‘भविष्यातून भागाकार आण’ अशा अर्थाची एक ओळ लिहिली की त्या धारिकेपुरता नवा नियम लागू होत असे. भाषेच्या या ‘भविष्य’ सोयीचे कौतुक करावे तेवढे थोडे. बदल हवा असेल त्याने तो आपल्या वर्गापुरता आधी लागू करावा, शाळेचा नियम नंतर बदलेल.

पण सगळेच काही असे आधी सुचलेले नव्हते. आज्ञावलीत त्रुटी उद्भवली तर ती पकडून तिला एक नाव द्यायची सोय असते. जुन्या पायथनमध्ये त्रुटीचा प्रकार आणि तिचे नाव यांच्यामध्ये स्वल्पविराम लिहीत. पायथन ३ मध्ये स्वल्पविराम अशुद्ध ठरला, त्याजागी ‘ॲज’ हा शब्द आला. पायथन २.६ ला दोन्ही चालत, २.५ आणि त्याआधीच्यांना फक्त स्वल्पविराम. आता २.६ वापरा म्हणून लोकांना सांगून भागले असते, पण रेड हॅट कंपनीच्या लिनक्सची २००७ साली निघालेली पाचवी आवृत्ती कंपन्यांत आणि संशोधन संस्थांत ठाण मांडून बसली होती, तिच्यासोबत पायथन २.४ येई आणि तिचा मुख्य पाठिंबा २०१७ पर्यंत चालणार होता. अशा यंत्रांवरही चालायचे आणि पायथन ३ वरही, तर लिहायचे काय? स्वल्पविरामही नाही आणि ‘ॲज’ही नाही. तेव्हा लोक असे करीत: त्रुटी पकडायची पण तिला नाव द्यायचे नाही, पुढच्या ओळीत यंत्रणेलाच विचारायचे, ‘आत्ताच काय बिघडले ते सांग.’ ओबडधोबड, पण २.४ पासून ३ पर्यंत सगळीकडे शुद्ध. जुन्या लायब्ऱ्यांच्या मजकुरात अशा ओळी सापडतात. आज पाहणाऱ्याला त्या अडाणीपणाच्या वाटतात; त्या लिहिणाऱ्याला भाषा येत नव्हती असे नव्हे, त्याला ती चार पिढ्यांची येत होती.

याउलट एक माघार भाषेनेही घेतली. जुन्या पायथनमध्ये युनिकोड मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी ‘यू’ हे अक्षर लिहीत. पायथन ३ मध्ये सगळाच मजकूर युनिकोड, म्हणून ‘यू’ निरर्थक, म्हणून तो अशुद्ध ठरवला गेला. तर्क चोख होता, पण त्यामुळे युनिकोडची शिस्त आधीपासून पाळणाऱ्यांचाच मजकूर मोडला. वेब-क्षेत्रातील नामांकित लायब्ऱ्यांचे कर्ते आर्मिन रोनाखर यांनी हा ‘यू’ परत आणण्याचा प्रस्ताव मांडला, आणि २०१२ च्या पायथन ३.३ मध्ये तो परत आला. अर्थ काहीच नाही, फक्त सहन करायचा. या एका निरर्थक अक्षराने हजारो ओळींचे काम वाचवले.

नमपायमध्ये हे सगळे टप्पे दिसतात. तिच्या पोटात सी भाषेत लिहिलेला मोठा भाग आहे, आणि पायथन ३ मध्ये सी कडून पायथनशी बोलण्याची नावेही बदलली होती. चार्ल्स हॅरिस, पाउली विर्तानेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्ये जुळणीचा एक थर घालून २०१० च्या १.५ आवृत्तीत पायथन ३ चा पाठिंबा आणला, तोही टू-टू-थ्रीच्या मदतीने. २०१३ च्या १.८ आवृत्तीत त्यांनी पायथन २.४ आणि २.५ ला निरोप दिला आणि त्याच वेळी भाषांतराची पद्धतही सोडली. या दोन गोष्टी एकदमच घडल्या, कारण अगदी जुन्यांना सोडल्याशिवाय एकच मजकूर सुबकपणे लिहिणे कठीण होते. एका टोकाला कोणाला तरी खाली उतरवल्यावरच दुसऱ्या टोकाला जागा होत होती.

हे काम बहुतांशी स्वयंसेवकांनी आपल्या फावल्या वेळात केले. २०१७ साली मूर प्रतिष्ठानाने बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाला नमपायसाठी अनुदान दिले, तोपर्यंत ज्या लायब्ररीवर जगातली प्रयोगशाळा न् प्रयोगशाळा विसंबून होती तिच्यासाठी पगारी माणूस ठेवणे परवडत नव्हते. चार पायथन आवृत्त्या, तीन प्रकारच्या संगणक-प्रणाली आणि ३२ व ६४ बिटांचे दोन प्रकार धरले तर प्रत्येक दुरुस्ती चोवीस ठिकाणी तपासावी लागते. जुन्याला सांभाळण्याचा खर्च म्हणजे तेविसावे आणि चोविसावे ठिकाण, जे लेखकाच्या स्वतःच्या टेबलावर कधीच नसते.

पायथन २.७ ही जुन्या घराण्यातली शेवटची आवृत्ती २०१० मध्ये आली. तिचा पाठिंबा २०१५ मध्ये संपायचा होता. २०१४ मध्ये ही मुदत २०२० पर्यंत वाढवण्यात आली. मुदतवाढ मिळाली की विद्यार्थी काय करतो, हे शिक्षकांना सांगायला नको. मोठ्या कंपन्यांना दिलासा मिळाला आणि लायब्ररीवाल्यांच्या वाट्याला आणखी पाच वर्षांचा दुहेरी संसार आला. तेव्हा २०१६ च्या सुमारास वैज्ञानिक लायब्ऱ्यांच्या चालकांनी मिळून एक जाहीर निवेदन काढले: आम्ही २०२० पर्यंत किंवा त्याआधीच जुन्या पायथनचा पाठिंबा थांबवू. एकट्याने सोडले तर वापरकर्ते दुसरीकडे जातील, ही भीती सर्वांनी एकत्र सोडल्यावर उरत नव्हती.

तरी एक व्यावहारिक अडचण होती. पिप हे लायब्ऱ्या बसवण्याचे साधन नेहमी सर्वांत नवी आवृत्ती उचले. लायब्ररीने जुन्या पायथनला सोडले की जुन्या पायथनवरच्या माणसाकडे पिप न चालणारी नवी आवृत्ती आणून बसवी आणि त्याचे चालते काम बंद पाडी. आयपायथन या प्रकल्पाच्या चमूने यावर तोड काढण्यात पुढाकार घेतला. लायब्ररीने आपल्याला कोणती पायथन लागते ते आपल्या माहितीपत्रकात लिहायचे आणि पिपने ते वाचून वापरणाऱ्याला साजेल तीच आवृत्ती निवडायची. २०१६ च्या नोव्हेंबरात आलेल्या पिप ९ मध्ये ही समज आली. २०१७ च्या एप्रिलमध्ये आयपायथन ६ जुन्या पायथनला सोडून निघाली. जुन्यावरच्या लोकांना पाचवी आवृत्ती मिळत राहिली. आम्हाला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत शिकण्यासारखी वाटते. प्रश्न जुन्यांना सांभाळायचे की सोडायचे असा मांडला जात होता. यांनी सोडतानाही त्यांच्या पायाखालची फळी काढली नाही.

पुढचे वेगाने घडले. नमपायची १.१६ ही जुन्या पायथनला चालणारी शेवटची मालिका २०१९ च्या जानेवारीत निघाली, जुलैमधल्या १.१७ ने २.७ ला सोडले. पण १.१६ च्या दुरुस्त्या चालू होत्या आणि त्यांतली शेवटची २९ डिसेंबर २०१९ ला, म्हणजे मुदत संपायला दोन दिवस उरले असताना, प्रसिद्ध झाली. २.७ चा अखेरचा अंक, २.७.१८, पीटरसन यांनी २० एप्रिल २०२० रोजी काढला.

त्यानंतरही जुनी पायथन एका दिवसात नाहीशी झाली नाही. ॲपलच्या संगणकांतून ती २०२२ च्या मार्चमध्ये गेली. रेड हॅटच्या सातव्या आवृत्तीत ती ३० जून २०२४ पर्यंत कंपनीच्या दुरुस्त्यांवर चालत राहिली. नमपाय आणि तिच्या सोबतच्या लायब्ऱ्यांनी २०१९ साली एक नियम ठरवून टाकला: मागील ४२ महिन्यांत निघालेल्या पायथन आवृत्त्यांना पाठिंबा द्यायचा, त्याआधीच्यांना नाही. म्हणजे दर वेळी वाद घालायला नको.

या सगळ्या खटाटोपातली साधने आता एकेक करून निघून जात आहेत. २०२१ च्या सप्टेंबरात सेटअप-टूल्स या बांधणीच्या साधनाने टू-टू-थ्रीची सोय काढून टाकली, तेव्हा तिच्यावर विसंबलेल्या काही विस्मृतीत गेलेल्या लायब्ऱ्या बसेनाशा झाल्या आणि त्या अजून कोणीतरी वापरत होते हे तेव्हा कळले. २०२४ च्या ऑक्टोबरात आलेल्या पायथन ३.१३ मधून खुद्द टू-टू-थ्रीही गेली. सिक्स मात्र एवढ्यात गेली नाही. पांडाज या लोकप्रिय लायब्ररीला तारखांच्या हिशोबासाठी डेट-युटिल लागे, आणि डेट-युटिलला सिक्स. त्यामुळे २०२० नंतरही कित्येक वर्षे, ज्याने पायथन २ कधी पाहिलीच नाही असा विद्यार्थी पांडाज बसवू लागला की पडद्यावरच्या यादीत ते छोटेसे नाव दिसत राहिले.